इस्तंबूलच्या बेदेस्तेनमधलं मेडलचं दुकान: ऑटोमन पदकं शिकायची असतील तर इथे जाच

ऑटोमन किंवा जुन्या तुर्की फौजेच्या मेडल-बिल्ल्यांचा नाद असेल आणि इस्तंबूलला जाणं होणार असेल तर कापालीचार्शीतल्या या दुकानासाठी एक अख्खी सकाळ मोकळी ठेवा, घाईत जाऊन उपयोग नाही. कापालीचार्शी म्हणजे तेच ते ग्रँड बझार. त्याच्या अगदी पोटात जेवाहिर बेदेस्तेन नावाचा घुमटांचा जुना भाग आहे, फातिह मेहमेदच्या काळातला, बाजाराचा सगळ्यात जुना गाभा हाच. बाहेरच्या गल्ल्यांत दिवे, गालिचे, मिठाई, पर्स यांचा नुसता कल्लोळ, आणि इथे आत आलं की घड्याळं, चांदीच्या सिगारेट-डब्या, जपमाळा, तलवारीच्या मुठी असला माल. त्यातच एक जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं मेडलचं दुकान. मालक सत्तरीतले आहेत, नाव लिहू नका म्हणाले, आहेत तेवढी गिऱ्हाइकं पुरे आहेत त्यांना. म्हणून नाव देत नाही, पण बेदेस्तेन लहानच आहे, काचेत लाल चांदण्या लावलेलं दुकान शोधत फिरलात की सापडतं.

आधी एक सांगतो, दुकानात जायच्या आधी हार्बियेचं लष्करी संग्रहालय बघून घ्या, आस्केरी म्युझे. हे ऐच्छिक नाही असंच समजा. तक्सिमपासून चालत जाता येतं. जुन्या वॉर अकॅडमीची इमारत आहे, मुस्तफा कमाल जिथे शिकले तीच, त्यांचा वर्ग पण जपून ठेवलाय. लोक जातात मेहतेर, म्हणजे ऑटोमन फौजेचा जुना वाद्यवृंद, ऐकायला आणि बायझंटाइन लोकांनी गोल्डन हॉर्नच्या तोंडावर लावलेली ती जाड साखळी बघायला, दोन्ही बघाच, पण आपल्यासारख्यांचं काम मेडल आणि युनिफॉर्मच्या काचांपाशी. कारण खरी वस्तू शंभर वर्षांनी कशी दिसते, लाल रंग कुठे मंद होतो, रिबन कुठल्या बाजूला पिवळी पडते, हे फोटोत कळत नाही, डोळ्यात बसवून घ्यावं लागतं. तिथेच महमूद शेवकेत पाशांची मोटार ठेवलीये. ११ जून १९१३ ला ते सद्राझम म्हणजे मुख्य वजीर असताना याच मोटारीत त्यांना गोळ्या घातल्या, आणि त्या घातल्या बायेझितच्या चौकात, कापालीचार्शीपासून चालत काही मिनिटांवर. आता आपल्याला त्यांच्याशी काय घेणंदेणं, तर या माणसाने ऑटोमन फौजेची रचना आणि पोशाख यांवर मोठा सचित्र ग्रंथ लिहून ठेवलाय, जानिसारी, म्हणजे सुलतानाचे खास पायदळ शिपाई, कुठल्या पलटणीचे काय घालायचे इथपासून, आणि जुने युनिफॉर्म अभ्यासणाऱ्याला आजही त्यांच्यापाशी यावंच लागतं. मी त्या गाडीसमोर बराच वेळ उभा होतो. सेनापती, वजीर, आणि शिवाय बटणं-टोप्यांची नोंद करणारा माणूस, असं एकत्र क्वचितच मिळतं.

आता दुकान. गेल्या गेल्या चहा येतो, तो घ्यायचा, नाही म्हणायचं नाही. मालकांना इंग्रजी थोडंफार येतं, बाकी फोनवरचं भाषांतर आणि हाताच्या खुणा. मी म्हटलं की मला हार्प मादाल्यासी बघायचंय, म्हणजे वॉर मेडल, ते पाच टोकांचं लाल चांदणीचं, ज्याला इंग्रज लोक गॅलिपोली स्टार म्हणतात आणि जर्मन लोक आयर्न क्रिसेंट म्हणतात. त्यांनी काचेतलं काही काढलंच नाही. खालचा ड्रॉवर उघडला, मखमलीचा तुकडा पसरला आणि त्यावर तीन चांदण्या एका ओळीत ठेवल्या, हातात भिंग दिलं आणि म्हणाले बघा, मी काही बोलत नाही. हीच गोष्ट मला या दुकानाची सगळ्यात आवडली. दुसरीकडे आपण भिंग काढलं की विकणाऱ्याचा चेहरा बदलतो, इथे तेच भिंग पुढे करतात.

हे मेडल सुलतान मेहमेद पाचवे रशाद यांनी १ मार्च १९१५ ला सुरू केलं. टोकापासून टोकापर्यंत साधारण साडेपाच सेंटिमीटर, मधे किंचित फुगीर, कडेने उठावाची पांढरी रेघ, आत लाल. मधे चंद्रकोर, कोरीच्या आत सुलतानाचा तुघरा म्हणजे त्याची नक्षीदार सही, तुघऱ्याच्या बाजूला अल-गाझी ही पदवी आणि खाली १३३३ हा आकडा, अर्थात अरबी आकड्यांत.

पहिली चांदणी जर्मन बनावटीची होती, तिचा लाल रंग म्हणजे खरा मीना, काचेसारखा. तिरकं धरलं की आत खोली दिसते, आणि एका टोकाला टवका उडाला होता तर तो काच फुटावी तसा उडाला होता, धारदार कडेचा. दुसरी साध्या सैनिकाला मिळायची तसली, पितळेवर निकेलचा मुलामा, आणि लाल म्हणजे मीना नाही, रंगच. तो टवक्याने जात नाही, सोलून निघतो, आणि खाली पितळ पिवळं दिसायला लागतं. मागे काही शिक्का नाही, तारेसारखी बारीक पिन डाक लावून बसवलेली. दिसायला पहिलीपुढे गरीब वाटते पण माझं मन तिच्यावरच बसलं, कारण ही खंदकात गेलेली असण्याची शक्यता जास्त. तिसरी चांदणी सगळ्यात सुंदर होती. चकचकीत, मागे बर्लिनच्या एका प्रसिद्ध कारखान्याची अक्षरं ठसठशीत. भिंगाखाली धरली तर तुघऱ्याच्या रेषा कडेला विरघळल्यासारख्या, मधल्या पांढऱ्या भागात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, आणि १३३३ मधले तीनही तीन एकमेकांत घुसलेले. म्हणजे ठसा मारून काढलेली नाही, साच्यात ओतलेली. हल्लीची नक्कल. मालक हसले आणि तिला परत ड्रॉवरमध्ये टाकलं, ती विकायला नाहीच, गिऱ्हाइकाला शिकवायला ठेवलीये.

तेव्हा लक्षात ठेवा, मागे कारखान्याचं नाव आहे म्हणून खरं, असं अजिबात समजू नका, उलट नाव असेल तर दुप्पट बारकाईने बघा, कारण नक्कल करणारे नाव आधी टाकतात. खरी वस्तू डायने ठोकलेली असते, अक्षरांच्या कडा उभ्या आणि साफ असतात, शंभर वर्षं कोटावर घासून वरचे उंचवटे गुळगुळीत होतील पण खाचेतली रेघ जात नाही. नकलेत उलटं असतं, उंचवटाही मऊ आणि खाचही मऊ.

आता १३३३ बद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण इथे खूप लोक फसतात. ऑटोमन राज्यात दोन कालगणना एकदम चालायच्या, एक हिजरी, चांद्रवर्षाची, धर्माच्या कामाला, आणि दुसरी रूमी, सौरवर्षाची, सरकारी आणि हिशेबाच्या कामाला. मेडलवरचं १३३३ हिजरी आहे, हिजरी १३३३ सुरू झालं नोव्हेंबर १९१४ मध्ये, म्हणून ते १९१५ शी बरोबर बसतं. पण मेडलबरोबरच्या कागदावर, ज्याला बेरात म्हणतात, तारीख बहुतेक वेळा रूमी असते, आणि रूमी वर्षात ५८४ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे कागदावर रूमी १३३३ असेल तर ते १९१७ झालं! शिवाय जुन्या पद्धतीत रूमी वर्ष मार्चात बदलायचं आणि तारखा तेरा दिवस मागे असायच्या, तो घोळ त्यांनी १९१७ मध्येच निस्तरला. विकणारे लोक मेडलवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा सारखा दिसला की जोडी जुळली म्हणून सांगतात, काही मुद्दाम, काही न कळून. मालकांनी हे एका पाठकोऱ्या पावतीवर आकडे मांडून समजावलं, ती पावती मी जपून ठेवलीये.

मेजीदिये आणि ओस्मानिये हे दोन मोठे निशाण, म्हणजे सुलतानाने द्यायची मानचिन्हं, पण त्यांच्याकडे आहेत, त्यावर थोडक्यात लिहितो कारण त्यांच्याबद्दल माहिती भरपूर मिळते. मेजीदिये १८५१ चा, अब्दुलमजीद सुलतानाचा, सात किरणांचे झुबके, मधल्या फटींत छोट्या चंद्रकोरी आणि चांदण्या, मधे सोनेरी तुघरा आणि भोवती लाल मीन्याच्या कड्यात १२६८. क्रिमियाच्या लढाईनंतर इंग्रज-फ्रेंच अधिकाऱ्यांना हा भरपूर दिला गेला, पुढे इजिप्तच्या फौजेत नोकरी केलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना पण, आपल्याकडे जंगी लाट म्हणजे सरसेनापती म्हणून आलेल्या किचनरकडे दोन्ही निशाण होते. त्यामुळे पॅरिसच्या सोनारांनी घडवलेले तुकडेही खूप फिरतात, ते खोटे नव्हेत, पण इस्तंबूलच्या टांकसाळीचा माल म्हणून त्यांची किंमत लावू नये. ओस्मानिये १८६२ चा, हिरव्या मीन्याचा, मागे ६९९ असा आकडा, हे घराण्याच्या स्थापनेचं हिजरी वर्ष, त्यामुळे ते बघून एवढं जुनं कसं म्हणून चक्रावू नका. मालकांकडचा ओस्मानिये फार सुरेख होता, हिरव्यावर केसाएवढी एक चीर सोडली तर काही नाही, आणि ती चीर त्यांनी स्वतः दाखवली.

युनिफॉर्मसाठी मात्र इथे जाऊ नका. तीन-चार कोट टांगलेत, ते सगळे प्रजासत्ताकाच्या काळातले, डांबरगोळ्यांचा वास मारणारे, आणि शिलाई नीट बघितली तर एकाची बटणं नंतर लावलेली दिसतात. ऑटोमन फौजेने १९०९ ला खाकी घेतली, अधिकाऱ्यांना मेंढीच्या कातडीची कालपाक टोपी, आणि महायुद्धात ती काबालाक, वेताच्या सांगाड्यावर कापडाची लांब पट्टी गुंडाळलेली, तेव्हाचे युद्धमंत्री एन्व्हर पाशा यांच्या नावाने एन्व्हरिये पण म्हणायचे तिला. खऱ्या काबालाक जगात फार थोड्या उरल्यात कारण कापड आणि वेत, दोन्ही वाळवी-कसरीचं खाद्य, आणि सैनिकाने घरी नेली तरी ती वापरूनच संपवली. या दुकानात एक काबालाक आहे, तिचा सांगाडा जुना असेलही, पण कापड नवीन आहे, शिवणीचा दोरा पांढराशुभ्र. मी विचारलं तर मालकांनी मान्य केलं की कापड बदललेलं आहे, पण वस्तूवर तशी चिठ्ठी नाही, ती असायला हवी होती. न विचारणारा माणूस अख्खी जुनी समजून घेईल. हा माझा दुकानावरचा एकमेव गंभीर आक्षेप. एकंदरीतच काचेतल्या कुठल्याच वस्तूवर ना किंमत ना माहिती, सगळं तोंडी. टोप्या-कपड्यांचा शौक असेल तर तो हार्बियेच्या म्युझियममध्ये भागवा आणि जुन्या सामानात हात घालायचा असेल तर रविवारी फेरीकॉयचा अँटिक बाजार किंवा अक्सरायजवळचं होरहोर, तिथे ढिगातून शोधावं लागतं पण शोधण्याची मजा आहे.

मला या सगळ्यात का रस, असं घरचे पण विचारतात. मी पुण्याचा, जुन्या बाजारात हिंडून ब्रिटिश काळातल्या आपल्या पलटणींची मेडलं बघत-घेत आलोय. त्यात पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेतलं काही हाताला लागलं की समोरच्या बाजूला कोण होतं हा प्रश्न येतोच. तिथल्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली ब्रिटिश फौजेची सहावी डिव्हिजन ही पूना डिव्हिजन, आणि तिच्यात १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री, ११७ वी मराठा, शिवाय खडकीच्या सॅपर्सच्या कंपन्या. ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली आणि त्यातली बहुतेक हिंदुस्तानी. उपासमार एवढी की घोडे कापले, आणि आपल्या कितीतरी जवानांनी शेवटी शेवटीपर्यंत ते मांस तोंडात घेतलं नाही. त्यांचा प्रमुख जनरल टाउनशेंड, त्याला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, साध्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रास अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. साताऱ्याकडच्या, कोकणातल्या किती गावांत दगडी पाट्या आहेत, या गावातून इतके गेले आणि इतके परत आले नाहीत म्हणून, त्यातले काही याच मोहिमेतले.

तर याच कुतच्या लढाईसाठी तुर्की वॉर मेडलच्या रिबनवर लावायची एक पट्टी होती, चनक्कले (म्हणजे गॅलिपोली), गाझा, कनाल (सुएझ कालवा) अशा इतर मोहिमांच्या पट्ट्या असायच्या तशीच कुतची, अरुंद, पांढऱ्या धातूची. रिबन पण दोन प्रकारची, लढणाऱ्याला लाल आणि कडेला पांढऱ्या रेघा, न लढणाऱ्याला त्याच्या उलट, पांढरी आणि लाल रेघा. मालकांकडे कुतची एक पट्टी आहे, सुटी, मेडलशिवाय. ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडची माणसं आत होती, वेढ्याच्या आत. त्यांना ब्रिटिश फौज माहीत होती, मराठा पलटण हे नाव पहिल्यांदा ऐकलं त्यांनी, कागदावर लिहून घेतलं. तिकडे कुतचा विजय १९५२ पर्यंत साजरा व्हायचा, मग बंद पडला आणि २०१६ पासून परत सुरू झाला, आणि तिथला सेनापती हलील पाशा, त्याने पुढे आडनावच कुत घेतलं. त्यांच्यासाठी एवढी मोठी गोष्ट आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात आमच्या वेळी एक ओळ नव्हती, मला हे फार लागतं. इस्तंबूलला हैदरपाशाच्या युद्ध स्मशानभूमीत हिंदी जवानांचं स्मारक पण आहे, महायुद्धानंतर तिथे नोकरीवर असताना गेलेल्यांचं. बोटीने पलीकडे जाताच तर तिथे डोकावून या.

पट्टी मी घेतली नाही, सुटी पट्टी हा सगळ्यात धोक्याचा माल, नव्या बनवणं सोपं आणि मेडलपेक्षा पट्टीलाच भाव जास्त. तसं मालकांनी पण घ्या म्हणून एकदाही म्हटलं नाही.

आणि आता त्यांची जी सेवा मला खरोखर मोलाची वाटली ती सांगतो. बेरात वाचून देणं. ब्रिटिश मेडलांचं एक बरं असतं, १९१४-१५ च्या स्टारच्या पाठीवर आणि वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते, त्यामुळे साताऱ्याच्या एखाद्या शिपायाचा शोध निदान सुरू तरी करता येतो. ऑटोमन वॉर मेडलवर नाव नसतं. कोणाचं होतं हे फक्त बेरात सांगतं, आणि बेरात अरबी लिपीत, त्यातही घाईने लिहिलेल्या हस्ताक्षरात. १९२८ ला तुर्कस्तानने लिपी बदलली, त्यामुळे आज नातवाला आजोबाचा कागद वाचता येत नाही, आपल्याकडे घरात मोडीचे रुमाल पडून असतात ना, अगदी तीच अवस्था. वर १९३४ च्या कायद्याआधी लोकांना आपल्यासारखी आडनावं नव्हती, तेव्हा कागदावर अमक्याचा मुलगा तमका, गाव, तालुका, एवढंच. एका गावात एका नावाचे दहा निघतात.

माझ्याकडे एका बेरातचा स्कॅन फोनवर होता, एका जर्मन संग्राहकाकडून मिळालेला. मालकांनी तो शेजारच्या पुस्तकवाल्याकडे नेला, जुनी लिपी वाचणारा तरुण पोरगा, इतिहास शिकलेला. त्याने उभ्या उभ्या तुघरा, तारीख आणि पलटण सांगितली आणि बाकीचं घरी नेऊन दोन दिवसांनी टाइप करून पाठवलं, आजच्या तुर्की लिपीत, ओळीला ओळ, जिथे अक्षर लागलं नाही तिथे अंदाज न ठोकता जागा कोरी सोडलेली. त्या कोऱ्या जागा बघून माझा विश्वास बसला. पलटण तुर्कांच्या सहाव्या आर्मीतली, म्हणजे इराकची आघाडी, तारीख रूमी १३३२, म्हणजे १९१६. फॉन देर गोल्ट्झ हा जर्मन म्हातारा फील्डमार्शल या सहाव्या आर्मीचा प्रमुख होता, तो कुत पडायच्या दहा दिवस आधी बगदादला वारला, मग हलील. तर हा कागद त्या वर्षातला. पैसे वाजवी घेतले, आणि पुढे शोध कसा घ्यायचा तेही सांगितलं, नागरी कागद इस्तंबूलच्या काआतहानेच्या ऑटोमन आर्काइव्हमध्ये, लष्करी कागद अंकाऱ्याला संरक्षण मंत्रालयाच्या आर्काइव्हमध्ये, आणि घराण्यातलाच माणूस असेल तर तुर्की नागरिकांना २०१८ पासून सरकारी पोर्टलवर वंशावळ काढता येते. आपल्याला ते शेवटचं मिळणार नाही, पण तिथे ओळखीचं कोणी असेल तर उपयोगी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, विकत घेऊन आणायचं म्हणाल तर थांबा. तुर्कस्तानचा १९८३ चा २८६३ नंबरचा कायदा आहे, सांस्कृतिक वारसा म्हणून जे जे मोडतं ते देशाबाहेर न्यायला बंदी, आणि शिक्षा नुसती दंडाची नाही, तुरुंगाची आहे. विमानतळावर बॅगेत ऑटोमन निशाण सापडलं आणि म्युझियमचा लेखी दाखला नसला तर सुट्टीची वाट लागली म्हणून समजा. बाजारातले काही दुकानदार काही होत नाही म्हणून सांगतात, कोटाला लावून जा म्हणतात, त्यांचं अजिबात ऐकू नका. या दुकानाच्या मालकांनी मात्र मी ओस्मानियेकडे वळलो तेव्हाच हात वर केले, म्हणाले हा घरातच राहणार, तुमच्या देशात न्यायचा असेल तर आधी म्युझियमचा कागद, मग पैशाची गोष्ट. विक्री हातातून गेली तरी चालेल पण गिऱ्हाईक अडकता कामा नये, असा माणूस मला या धंद्यात फार कमी भेटलाय.

मग वॉर मेडल घ्यायचं कुठून? माझं मत विचाराल तर जर्मनी-ऑस्ट्रियातून. महायुद्धात त्यांच्या हजारो अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना हे मेडल मिळालं, त्यांनी ते आयर्न क्रॉसच्या शेजारी लावलं, घरोघर पडून आहे, आणि तिथल्या लिलावांत रीतसर बिलासह येतं. पुष्कळदा जर्मन सर्टिफिकेट पण सोबत असतं, ते तर आपण वाचूही शकतो. इस्तंबूलला बघायचं, शिकायचं, आणि घ्यायचं तिकडे.

रिकाम्या हाताने मात्र मी निघालो नाही. कोरियाच्या युद्धाचं संयुक्त राष्ट्रांचं मेडल घेतलं, तुर्की मजकुराचं, वरच्या पट्टीवर KORE, म्हणजे तुर्कीत कोरिया, असं लिहिलेलं, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रिबन. तुर्कांनी १९५० ला ब्रिगेड पाठवली होती आणि कोरियातल्या कुनूरीच्या लढाईत तिने फार मार खाल्ला आणि दिलाही. आपली ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स पण त्याच युद्धात जखमींची सेवा करत होती, त्यामुळे माझ्या कपाटात त्याची जागा पक्की. बिल मागितलं तर त्यावर वस्तूचं वर्णन, काळ आणि खरी असल्याची हमी असं तिन्ही लिहून सही-शिक्का करून दिलं. फक्त ते आपणहून देत नाहीत, मागावं लागतं, मागाच.

भावाचा आकडा लिहीत नाही, लिराची अवस्था अशी आहे की महिन्यात जुना होईल, मालक स्वतःच युरोत बोलतात. घासाघीस चालते पण थोडीच, नि पहिल्या भेटीत करू नका. कार्ड घेतात, रोख दिली तर कमी करतात. बेरातसकट मेडल असेल तर नुसत्या मेडलच्या कित्येक पट किंमत सांगतील, ती रास्त आहे, फक्त बेरात आधी वाचून घ्या आणि मग बोला.

जायला टी-१ ट्राम, स्टॉप बायेझित-कापालीचार्शी. रविवारी अख्खा बाजार बंद असतो. सकाळी लवकर गेलात तर मालक निवांत असतात, अकरानंतर टुरिस्टांचे घोळके बेदेस्तेनमध्ये शिरतात आणि मग त्यांना शिकवायला वेळ होत नाही. स्वतःचं भिंग असेल तर न्या, त्यांच्याकडे एकच आहे आणि दोघांत ते सारखं इकडून तिकडे जातं. आणि घरात काही तुर्की कागद, फोटो, बिल्ला असेल, कोणाच्या पणजोबांनी मेसोपोटेमियातून आणलेला, तर मूळ वस्तू नेऊ नका, नीट उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढून न्या, ते आवडीने बघतात. मला पाचपैकी साडेचार द्यावेसे वाटतात, अर्धा त्या काबालाकवर चिठ्ठी नाही म्हणून कापला.